आबांचा आडवा काप

दारात उभ्या असलेल्या गृहस्थांच्या एका हातात काळी पिशवी होती, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमधून कोणीतरी तावातावानं बोलत होतं. "थांब रे जरा," असं फोनला सांगून त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली.

"म्याडम, आमी शेजारी राहायला आलोत. कालच सामान उतरलं. ह्याच्यात कोंबडी हाय. ह्याचं आता पुढं काय करायचं असतंय?"

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खिशाला पेन, पिळदार मिशा. साठी ओलांडलेला माणूस, पण पाय एका जागी ठरत नव्हते. मी उत्तर देईपर्यंत त्यांनी माझ्या दारातल्या चपला पायानं सरळ केल्या, अंगणातल्या गळक्या नळाची तोटी आवळली आणि फोनवरच्या माणसाला दोनदा "आलो, आलो" म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात ते कुठेच निघालेले नव्हते.

हे आबा. नांदूरघाटच्या पलीकडे त्यांचं गाव. बरीच वर्षं सरपंच होते, नंतर सोसायटीत, नंतर बाजार समितीत. शेती भरपूर होती, पण ती गडी बघायचे. आबांचा खरा धंदा म्हणजे फिरणं. कुणाची सोयरीक, कुणाचा बांध, कुणाचा ट्रान्सफॉर्मर, सगळीकडे आबा. घरी ते फक्त माणसं घेऊन जेवायला यायचे. ही माहिती मला पहिल्याच दिवशी त्यांनीच दिली, माझ्या ओट्यापाशी उभं राहून. खुर्ची दिली होती, तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली.

अंबाजोगाईत ते बायकोच्या आजारपणासाठी आले होते. काकूंच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन लातूरला झालं होतं, रेडिएशनचे शेकही देऊन झाले होते. आता सारखी तपासणी लागणार, गावाकडचा रस्ता खराब, म्हणून माझ्या शेजारचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं. मुलगा-सून पुण्यात नोकरीला. ऑपरेशनच्या वेळी ती दोघं राहून गेली होती. धुण्याभांड्याला आणि भाकरीला एक बाई मिळाली, ती माळकरी. कोंबडीच्या भांड्यालासुद्धा ती हात लावणार नव्हती. आणि डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, पेशंटला ताकद पाहिजे, अंडी द्या, चिकन द्या, मऊ करून द्या. अंड्याला काकू कंटाळल्या होत्या.

"मंग आता मीच हाय," आबा म्हणाले, "आन मला तर चहा करता येत न्हाई."

पिशवीत कोंबडीच्या छातीचे दोन अख्खे तुकडे होते. मी एक धुऊन, पुसून त्यांच्यासमोर फळीवर ठेवला. कडेची पिवळी चरबी कशी काढायची, वरचा पातळ पापुद्रा बोटानं कसा सोलायचा, ते दाखवलं. आबांचा फोन वाजला. ते बाहेर गेले. परत आले तोवर मी निम्मं काम उरकलं होतं. "बगितलं, बगितलं, समजलं," ते म्हणाले. पुढारी माणसाला न बघता समजायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः केलं. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. दुपारी त्या भिंतीपलीकडून आबांची हाक आली. "म्याडम! ओ म्याडम!" मी अनवाणीच धावले.

काकू पलंगाच्या कडेला वाकून बसल्या होत्या. डोळे बाहेर आलेले, श्वास अडकलेला, घशातून घरघर. आबा त्यांच्या पाठीत थापा मारत होते आणि प्रत्येक थापेला "ए, ए, अगं ए" म्हणत होते. मी काकूंना आणखी पुढे वाकवलं, खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात मारलं. काहीतरी बाहेर पडलं. काकूंनी श्वास घेतला, मग रडल्या, आणि मग आबांच्या दंडावर एक चापट मारली. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

जे बाहेर पडलं होतं ते आबांनी जमिनीवरून उचललं आणि खिडकीपाशी नेलं. कोंबडीचा एक लांब धागा होता तो. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या करून शिजवलेल्या मांसाचा, वाळलेल्या सुतळीसारखा.

"हे तर दोऱ्यावानी हाय, म्याडम."

"तुम्ही कापलं कसं होतं?"

त्यांनी ताटातले उरलेले तुकडे दाखवले. काकडीच्या फोडी कराव्यात तसे लांब लांब, एकसारखे. सुंदर कापले होते. मी फ्रीजमधला कच्चा तुकडा काढला आणि उजेडात धरला. त्याच्या अंगावरून बारीक रेघा गेलेल्या दिसतात, लाकडाच्या फळीवर असतात तशा. ह्या रेघा ज्या दिशेनं गेल्या त्याच दिशेनं सुरी चालवली की धागा अखंड राहतो. शिजल्यावर तो चावूनही तुटत नाही. आडवी चालवली की धागा तिथल्या तिथे आखूड होतो आणि जिभेनं दाबला तरी सुटतो. आणि कुकर तर नकोच.

फोन वाजत होता. आबांनी तो बघितलासुद्धा नाही. तुकडा खिडकीत धरून ते रेघांवरून बोट फिरवत राहिले. "मंजे आपुन उभं कापलं मनून..." एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून आबांनी कोंबडीची छाती हा विषय हातात घेतला.

गावात एखादा रस्ता मंजूर करून आणायला ते जसे लागत असतील तसेच ह्याच्या मागे लागले. पहाटे त्यांच्या चपलांचा आवाज सुरू व्हायचा. व्हरांड्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग फाटक, मग पुन्हा व्हरांडा. चिकनचं दुकान उघडायच्या आधी ते दुकानासमोर हजर. दुकानदाराला सवय बोनलेस म्हटलं की खटाखट चौकोनी तुकडे करायची. आबा ओरडायचे, "अरे थांब बे! तुकडे नगं करू. आख्खी छाती दे, रेघा दिसल्या पायजेत." त्याला वाटायचं म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक आहे. "आबा, सारी दुनिया लेगपीस मांगती, तुम्हीच एकटे ह्याच्या मागं," असं तो म्हणाला, ते आबांनी मला येऊन अभिमानानं सांगितलं.

घरी आल्यावर आधी हात धुणं, मग सुरी. छातीच्या आतल्या अंगाला एक सुटी पट्टी असते, तिच्यात पांढरी चिवट शीर असते. पहिल्यांदा आबा त्या पट्टीला "जीभ" म्हणाले, तिच्या आकारावरून. म्हटल्याबरोबर त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा तो शब्द काढला नाही. त्या शिरेचं टोक कापडानं पकडायचं आणि सुरी तिरकी धरून मांस खरवडत न्यायचं, म्हणजे शीर अख्खी हातात येते. ही शीर काढताना आबा श्वास रोखून धरत. निघाली की भिंतीपलीकडून मला हाक, "निघाली, म्याडम!"

मग मोठा तुकडा. तळहात वर सपाट ठेवून सुरी आडवी सरकवत त्याचे दोन पातळ पदर करायचे. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून लाटण्यानं हलके ठोकायचे. थोडा वेळ बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट झाले की रेघा बघून आडवे बारीक काप. पाण्यात आलं, जिरं, हळद. पाणी थरथरायला लागलं की गॅस अगदी बारीक, उकळी नाही. काप पांढरे झाले की गॅस बंद, झाकण ठेवायचं आणि त्याच पाण्यात राहू द्यायचे.

हे "राहू द्यायचं" आबांना सगळ्यात अवघड गेलं. झाकण ठेवलेल्या पातेल्यासमोर माणसानं करायचं काय? ते झाकण उचलून बघत. परत ठेवत. व्हरांड्यात जाऊन येत. पुन्हा उचलत. "आबा, वाफ जाते," मी म्हणायची. "न्हाई, नुसतं बगितलं," ते म्हणायचे. शेवटी काप काढून पुन्हा चिरून, तूप आणि मऊ भात घालून, बोटांनी चाचपून एकेक घास तपासायचे. काकू जेवत असताना ते समोर उभे. घास घशाखाली उतरेपर्यंत त्यांच्याच गळ्याची घाटी वरखाली होत राहायची. स्वतः मात्र ओट्यापाशी उभ्या उभ्या भाकरी मोडून खायचे, फोन कानाला.

फोनवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बगू, करू, होऊन जाईल." दिवसातून किती जणांना ते हे सांगत याला गणती नव्हती. एकदा काप चिरताना मी सहज विचारलं, "आज झालं का मऊ?" तर तोंडातून तेच निघालं, "होऊन जाईल." मग स्वतःच थांबले. "हितं आसं बोलून भागत न्हाई, म्याडम. झालं तर झालं, न्हाई तर तिच्या नरड्यात अडकतंय."

काकूंचं नाव अनसूया. बुटक्या, काळ्यासावळ्या, अंगानं आता खूपच वाळलेल्या. एक गाल आत ओढला गेलेला, त्यामुळे बोलणं अस्पष्ट यायचं. मला समजायला बरेच दिवस लागले. आबांना सगळं समजायचं. गावात त्यांच्या हातच्या मटणाची ख्याती होती. आबांच्या राजकारणाचं निम्मं बळ त्या रश्श्यात होतं असं गावचे लोक म्हणत, आणि आबा ते नाकारत नसत. दातांना तंबाखूची मिसरी लावायची काकूंची सवयही त्या काळातली, मोठ्या चुलीपुढे बसून लागलेली. तसं त्यांनीच मला सांगितलं. जागरण सोसायला मिसरी बरी पडायची.

आणि मग ती गाडी आली.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती. आबांना त्या तिकिटाची ओढ जुनी. आधी दोनदा नाव आलं, ऐनवेळी कापलं गेलं. ह्या वेळी पक्षानं स्वतःहून निरोप धाडला होता. तो घेऊन त्यांचे धाकटे भाऊ माणिकराव आणि गावातले चार लोक सकाळीच आले. मी काकूंच्या वेणीला हातभार लावायला तिथेच आत बसले होते. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. आबा सुरी घेऊन उभे, पांढऱ्या सदऱ्यावर माझा जुना एप्रन, आणि मंडळी ओट्याभोवती घुटमळत होती.

"आबा, हे काय चाललंय?" माणिकराव म्हणाले. "लोक काय मनतील?"

"लोकांचं तोंड शाबूत हाय," आबा शीर खरवडत म्हणाले, "ते मनणारच."

"आवो पण फारम भरायचाय. दिवस थोडे ऱ्हायलेत. तुमी कावून बोलंना गेलाव?"

आबांनी सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "माणिक, ह्या वेळेला न्हाई जमायचं. तू उभा राहा. हितं मी सुटत न्हाई."

आवाज बारीक केला तरी काकूंना ऐकू गेला. माझ्या हातातली वेणी तशीच सोडून त्या उठल्या आणि चौकटीला धरून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली. एरवी दोन शब्द बोलून थकणारी बाई, सलग बोलत होती. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, ती पदरानं पुसून पुन्हा बोलत होती. मंडळींना एक अक्षर कळलं नाही. माणिकरावांनी आबांकडे पाहिलं.

"वैनी काय मनत्यात?"

आबा खाली बघून म्हणाले, "मनती, बसा, चहा घ्या."

काकूंनी पाय आपटला. असा आपटला की ओट्यावरची ताटली हलली. बोट आबांकडे रोखून त्या थांबल्या. नीट सांगा, असं ते बोट म्हणत होतं.

मग आबांना सांगावं लागलं. काकू एक वाक्य बोलत, आबा ते मंडळींना सांगत. सगळं आबांबद्दलच, आणि आबांच्याच तोंडून.

"मनती... इतकी वर्सं तुमच्या माणसांना मी भाकरी थापल्या. अर्ध्या रातीला उठून चूल पेटवली. ते कशापायी?"

माणिकराव ओट्यापासून मागे सरकले.

"मनती... तवा कधी ह्येंना घरात ऱ्हायला सुचलं न्हाई. लेकरू तापानं फणफणलं तवा सुचलं न्हाई. आन आता वक्त आला तर मनत्यात, मी कोंबडी कापीत बसतो."

काकू थांबेनात.

"मनती... मी मेले तर उद्या लोक मनतील, हिच्यापायी आबाची शीट गेली. ते माज्या माथ्यावर नगं. माज्या भाकरीची शीट हाय ती." आबा जरा थांबले. पुढचं वाक्य त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "मनती... फारम भरला न्हाई तर ती तोंडात घास घेणार न्हाई."

काकू वळून आत आल्या आणि पलंगावर बसून माझ्याकडे पाठ केली. वेणी पुढे घालायची होती.

त्या दुपारी आबांनी केलेलं जेवण तसंच राहिलं. संध्याकाळीही तसंच. व्हरांड्यातल्या चपला थांबत नव्हत्या. मी एकदा बाहेर डोकावले तर आबा फाटकाला दोन्ही हात धरून उभे होते, जाळीतून रस्त्याकडे बघत. "खाईना गेलीय," एवढंच म्हणाले. सकाळी माणिकरावांनी पाठवलेल्या गाडीत बसून ते फॉर्म भरायला गेले. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर काकूंनी मला खूण केली, ताट आण म्हणून. सगळं संपवलं.

मी शिकवते त्या कॉलेजला तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, आणि माझे यजमान नोकरीनिमित्त परभणीला. आबांनी जाताना काकूंचा जिम्मा माझ्यावर टाकला होता. टाकला म्हणजे हातात दिला होता, सोडला नव्हता. प्रचाराच्या त्या दिवसांत मला आलेले फोन मी विसरणार नाही. मागे ढोल, घोषणा, कर्ण्याची खरखर, आणि त्यात आबा ओरडताहेत, "म्याडम, आडवं कापलं का? उभं न्हाई ना?"

"आडवंच, आबा."

"शीर?"

"काढली."

"उकळी?"

"नाही येऊ दिली."

"बरं, बरं. हां, रामराम मंडळी, रामराम!" आणि फोन बंद.

एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. भर दुपारी प्रचाराचीच गाडी आमच्या गल्लीत शिरली. झेंडा लावलेली, टपावर कर्णा. ड्रायव्हर कर्णा बंद करायला विसरला. रेकॉर्डवर कोणीतरी आबांबद्दल सांगत होतं की आपला माणूस, हक्काचा माणूस, रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस. गल्लीतली पोरंटोरं, बायका दारात आल्या. आणि तो हक्काचा माणूस आत, गळ्यात पक्षाचं उपरणं तसंच ठेवून, हात धुऊन काप करत होता. मी म्हणाले, "मी केलंय की, आबा." ते म्हणाले, "तुमचं चांगलं हाय. पण मला तिकडं भाषणात मधीच सुरी दिसायली." उपरण्याचं टोक हळदीच्या पाण्यात बुडालं. काकूंनी चार घास त्यांच्या समोर खाल्ले. ते गेले. कर्णा कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला.

त्याच दुपारी काकूंनी मला ते सांगितलं. मी ताट उचलत होते. त्यांनी माझा हात धरला आणि सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सोडून बोलल्या.

"मला चव लागत न्हाई."

"कशाची?"

"कशाचीच. शेक दिले तवापसून. समदं मातीवानी लागतं. तुजं बी, त्येंचं बी."

मी विचारलं, आबांना का नाही सांगितलं? त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मंग ते उभं कशापायी ऱ्हातील?" असं म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "आयुक्षात पयल्यांदा मला वाडायलेत. वाडू दे."

मला त्यानंतर त्या घरात अस्वस्थ वाटायचं. आबांचा फोन आला की मी ठरलेली उत्तरं द्यायची, आणि पलंगावरून काकू माझ्याकडे टक लावून बघत असायच्या, मी सांगते की काय म्हणून. मी काही सांगितलं नाही. पण आबांना इकडे तिकडे धावताना पाहिलं की वाटायचं, ह्या माणसाची सगळी तडफड जिथे जाऊन पोचते आहे तिथे काही लागतच नाही.

आबा हरले. थोडक्यात हरले असं लोक म्हणत होते.

निकालाच्या संध्याकाळी ते एकटेच आले. बरोबर माणिकराव नाहीत, कार्यकर्ते नाहीत. हातात काळी पिशवी. त्यांनी काकूंकडे बघितलं, मान हलवली. काकूंनीही मान हलवली. मग ते ओट्यापाशी गेले. फोन शेजारी ठेवला होता आणि तो वाजत नव्हता. मला त्या माणसाच्या घरात इतकी शांतता ऐकायची सवय नव्हती.

त्यांनी शीर काढली. पदर केले. काप केले. मीठ घातलं, खिडकीबाहेर बघत राहिले, पुन्हा मीठ घातलं. मी बघितलं पण बोलावंसं वाटलं नाही. झाकण ठेवलं आणि ह्या वेळी त्यांनी ते एकदाही उचललं नाही, कारण त्यांचं लक्षच नव्हतं.

काकूंनी पहिला घास घेतला. चघळता चघळता थांबल्या. कपाळाला आठी पडली. मला वाटलं अडकलं. आबाही पुढे झाले.

"खारट," काकू म्हणाल्या.

आबा जागच्या जागी थबकले. "आजच्या दिवशी तरी..." ते म्हणाले, आणि पुढचे शब्द गिळले. चेहरा पडला. सकाळपासून सगळं गिळत आलेल्या माणसाला ह्या एका शब्दानं हरवलं असं दिसलं.

काकूंनी दुसरा घास घेतला. जिभेवर फिरवला. "लई खारट हाय," असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. मला कळलं. आबांना काहीच कळत नव्हतं. ते ताट उचलायला वाकले. काकूंनी ताटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. मला मीठ लागलं आज."

"मंजे?"

"इतके दिस माती खाल्ली मी. आज मीठ लागलं."

आबा बघत राहिले. एकेक दिवस मागे जात असावेत. ते तूप, ते जिरं, "आज बरं झालंय का गं?" म्हणून विचारणं, आणि काकूंचं मान हलवणं. "मंजे इतके दिवस तुला..." त्यांनी ताटातला एक काप उचलून तोंडात टाकला. खरोखरच तोंडात धरवत नव्हता इतका खारट होता. चेहरा वाकडा झाला. "मंग खात कावून व्हतीस?"

"तुमी करत व्हता मनून."

आबांनी पलंगाच्या कडेला, काकूंच्या पायाशी बसून घेतलं. उपरणं अजून खिशात कोंबलेलं होतं. ते काढून त्यांनी त्यात तोंड घातलं. खांदे हलत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या खारट भाताचा शेवटचा घास संपेपर्यंत जेवत राहिल्या आणि मग माझ्याकडे पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि माझ्या घरी आले.

त्यानंतर चव हळूहळू परत येत गेली, आणि आबांची खरी परीक्षा सुरू झाली. काकूंना आता सगळं कळत होतं. आलं जास्त झालंय. जिरं जळलंय. हे कालचं आहे का? भिंतीपलीकडून मला काकूंचा अस्पष्ट सूर आणि आबांचं "बरं बरं, उद्या बगू" ऐकू यायचं. तपासण्या चांगल्या आल्या. थंडी संपता संपता डॉक्टरांनी गावी जायला परवानगी दिली.

ते गेले ती सकाळ मला आठवते. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. फोन होतो, पण भेट नाही. गाडीत सामान भरून झालं होतं. काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या, अंगावर नवं लुगडं, दुखऱ्या गालावरून पदर घेतलेला. मला जवळ बोलावून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. आबा गाडी चालवणार होते. ते दारापर्यंत आले आणि फोन वाजला. कुणाच्या तरी विहिरीचा तंटा होता. बोलता बोलता आबा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे चिकनवाला भेटला, त्याच्या खांद्यावर हात टाकला, फोन चालूच. मग पुढे पानटपरी, तिथे आणखी दोन माणसं. आबांचा पांढरा सदरा ह्या घोळक्यातून त्या घोळक्यात जाताना दिसत होता. ऊन चढत चाललं होतं.

काकूंनी बराच वेळ वाट पाहिली. मग ड्रायव्हरच्या सीटकडे वाकल्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि हॉर्न दाबला. दाबला तो सोडलाच नाही. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, बायका दारात आल्या, समोरच्या दुकानातला पोऱ्या कानावर हात ठेवून उभा राहिला. काकू सरळ समोर बघत होत्या आणि हॉर्न अख्ख्या गल्लीभर वाजत होता.

कोपऱ्यावरून आबा पळत येताना दिसले. एका हातानं पायजमा सावरत, दुसरा हात कानाला, धापा टाकत. "ठिवतो, ठिवतो," ते फोनवर ओरडत होते, "आमच्या मालकीणबाई बोलायल्यात!"